चाकाची थरथर आणि टायरची झीज

सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगावात काय, पुसेगावात काय, किंवा तुमच्या गावच्या फाट्यावर काय, पंक्चर काढणाऱ्याचं एखादं दुकान असतंच. दुकानापुढे टाकून दिलेल्या टायरांचा ढीग असतो. आपण त्याकडे कचरा म्हणून पाहतो आणि पुढे जातो. वाचकहो, एकदा थांबून ते टायर नीट पाहा. एखादा मधोमध झिजलेला दिसेल. एखाद्याच्या दोन्ही कडा गेलेल्या असतील. आणि दोन-चार टायर असे सापडतील की त्यांवरून तळहात फिरवला तर उंच-सखल लागतं. वीतभर जागा चांगली, मग वाटीसारखा खळगा, पुन्हा उंचवटा, पुन्हा खळगा. नक्षी शिल्लक आहे, रबर शिल्लक आहे, तरी टायर बाद झालेला आहे.

हा टायर असा ठिकठिकाणी कुरतडल्यासारखा का झाला? मालकाला विचारा, तो म्हणेल टायर हलका निघाला. ड्रायव्हर म्हणेल रस्ता वाईट. दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही. पण पुष्कळ वेळा खरं कारण तिसरंच असतं. ते म्हणजे चाकाची थरथर. शास्त्राच्या भाषेत तिला कंपन म्हणतात. ही थरथर डोळ्यांना क्वचितच दिसते, पण ती टायरवर आपली सही करून ठेवते. ती सही वाचता आली तर पुढचा टायर वाचतो, आणि कधी कधी माणूसही वाचतो. कोरेगाव तालुक्यातला घेवडा आणि आलं बाजाराला जातं ते टेंपोतून. ऊस कारखान्याला जातो ट्रॉलीतून, आणि मुलं शाळेला जातात एस.टी.तून किंवा जीपमधून. तेव्हा हा विषय केवळ मेस्तरींचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी आपल्या जुन्या चाकाकडे पाहू. बैलगाडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतीचं लाकडी कडं आणि त्यावर तापवून बसवलेली लोखंडी धाव. धाव दगडावर आपटली की तो धक्का जसाच्या तसा गाडीला, गाडीवानाला आणि बैलांच्या मानेला पोचायचा. पुढे रबरी चाकांची गाडी आली. लोकांनी तिला सरळ 'डनलॉप गाडी' असं नाव दिलं. ते नाव जॉन बॉइड डनलॉप यांचं. बेलफास्ट शहरात गुरांची डॉक्टरकी करणाऱ्या या गृहस्थांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. तीच कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच नोंदवली होती, पण त्या वेळी ती फारशी चालली नाही. हवेच्या टायरने बैलांचं ओझं हलकं केलं आणि माणसांची हाडं वाचवली, यात शंका नाही.

पण हवा भरलेला टायर म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. ती धक्का घेते, दबते, आणि मग परत उसळते. जिथे उसळी आहे तिथे थरथरही आली. लोखंडी धावेला हा रोग नव्हता. रबराला तो जन्मजात आहे.

आता झीज कशी होते ते पाहू. त्यासाठी शाळेतला खोडरबर पुरे. खोडरबर कागदावर नुसता दाबून धरा. त्याचं काही जात नाही. तोच कागदावर घासा, लगेच बारीक चुरा पडतो. म्हणजे रबर दाबाने झिजत नाही, घसरण्याने झिजतं. चाक नीट लोळत असेल तर टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो जवळजवळ न घसरता टेकतो आणि उचलला जातो. मोटारीचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा तुमच्या पंजापेक्षा फार मोठी नसते. त्या पंजाएवढ्या जागेत थोडी घसरण नेहमीच होते, म्हणून चांगला टायरही हळूहळू झिजतो.

किती हळू, तेही पाहण्यासारखं आहे. मी गणिताचा माणूस, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते असं धरू. ती १.६ मिलिमीटरवर आली की मोटार, टेंपो, ट्रक अशा वाहनांना तो टायर वापरायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे झिजायला मिळतात ६.४ मिलिमीटर. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर एका किलोमीटरला त्याचे सुमारे ५३० फेरे होतात. टायर ४० हजार किलोमीटर चालला तर दोन कोटींहून अधिक फेरे झाले. भागाकार करा. एका फेऱ्याला रबराचा जो थर जातो तो एखाद्या अणूच्या जाडीएवढा भरतो! इतकी ही झीज सूक्ष्म असते.

मग खळगे कसे पडतात? उत्तर त्याच हिशेबात आहे. कुठल्यातरी एका जागी दर फेऱ्याला अगदी किंचित, समजा एक चतुर्थांशच, जास्त रबर गेलं, तर बाकीचा टायर ४ मिलिमीटर झिजेपर्यंत त्या जागी ५ मिलिमीटर गेलेले असतात. एक मिलिमीटरचा खळगा तयार झाला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार; फक्त इथे तळं साचत नाही, खणलं जातं. तेव्हा खरा प्रश्न असा, की जास्तीची झीज पुन्हा पुन्हा त्याच जागी का येते?

इथे थरथरीचा संबंध येतो. चाक थरथरतं म्हणजे ते रस्त्यावर एकसारख्या भाराने टेकत नाही. एका क्षणी ते जास्त दाबलं जातं, दुसऱ्या क्षणी हलकं होतं. भार हलका झाला की रस्त्याची पकड सुटते आणि टायर घसरतो. पुन्हा भार आला की तो घसरलेला भाग एकदम पकडला जातो, खरडला जातो. सुटणं आणि धरणं असं आळीपाळीने चालतं. शिक्षकांना याचा प्रयोग फळ्यावर करून दाखवता येईल. खडू नेहमीसारखा ओढत नेला तर सलग रेघ उमटते. तोच खडू फळ्याशी जवळजवळ काटकोनात धरून, टोक पुढे ठेवून ढकला. तो टकटक उड्या मारत जातो आणि रेघ तुटक तुटक येते. ठिपका, मोकळी जागा, पुन्हा ठिपका. त्या ठिपक्यांच्या जागी टायरवरचे खळगे आहेत अशी कल्पना करा, म्हणजे मुलांना सगळं कळेल.

आता ही थरथर येते कोठून? पहिलं कारण म्हणजे चाकाचा तोल. चाक सगळीकडून सारखं जड नसलं तर त्याची जड बाजू फिरताना बाहेर ओढ घेते. गोफण फिरवताना हाताला जी ओढ लागते तीच ही, शास्त्रात तिला केंद्रोत्सारी प्रेरणा म्हणतात. समजा, चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त आहे. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असता हे चाक सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेतं, आणि त्या ५० ग्रॅमची ओढ साडेपाच किलोंच्या वजनाएवढी होते. म्हणजे सेकंदाला बारा वेळा कोणीतरी साडेपाच किलोंचा हातोडा चाकाला एकदा वरून, एकदा खालून मारतो आहे असं समजा. वेग निम्मा केला, ताशी ४० वर आणला, तर ही ओढ निम्मी नव्हे, चौथाईवर येते. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ती वाढते, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

पन्नास ग्रॅम येतात कोठून, असं विचाराल. कारखान्यात तोल साधण्यासाठी रिंगला लावलेला शिशाचा तुकडा पडून जातो. टायरला आतून मोठं ठिगळ लागतं. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे चिखल. पावसाळ्यात गाडी शेतातून निघाली की काळी माती रिंगच्या आतल्या बाजूला जाऊन बसते, वाळते आणि दगडासारखी घट्ट होते. बाहेरून रिंग चकचकीत, आत पावशेर माती! मग डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग थरथरू लागलं म्हणजे लोक मेस्तरीकडे धावतात. तिथे आधी पाण्याची बादली आणि घासणी पुरते.

हा तोलाचा प्रयोग शाळेत सायकलवर होतो. सायकल उलटी करून मागचं चाक जोरात फिरवा. सायकल बऱ्यापैकी स्थिर राहते. मग एका आऱ्याला कडेजवळ एक मोठा नट पक्का बांधा आणि पुन्हा फिरवा. सगळी सायकल नाचायला लागते. मुलांना मात्र दूर उभं करा, नट सुटला तर लागेल.

आता कोणी म्हणेल, मोटारीच्या एका चाकावर तीनशे किलोंच्या आसपास भार असतो. त्यापुढे साडेपाच किलोंची काय मातब्बरी? शंका रास्त आहे. तिचं उत्तर नागपंचमीच्या झोक्यात आहे. झाडाला बांधलेल्या झोक्यावर मोठा माणूस बसला तरी लहान पोर त्याला उंच नेऊ शकतं, फक्त धक्का झोक्याच्या लयीवर दिला पाहिजे. प्रत्येक झोक्याची आपली एक लय असते. तशी चाकाचीही असते. चाक, आख आणि टायरमधली हवा मिळून जो झोका बनतो तो मोटारगाडीत साधारणपणे सेकंदाला दहा ते पंधरा हेलकावे घेतो. आणि वर आपण पाहिलंच की ताशी ८० च्या सुमाराला चाकाचे फेरे सेकंदाला बारा होतात. धक्क्याची लय आणि झोक्याची लय जुळली की लहान धक्काही मोठा होतो. याला अनुनाद म्हणतात. म्हणूनच काही गाड्यांचं स्टेअरिंग एका ठराविक वेगाला थरथरतं आणि वेग त्याच्या पुढे गेला की शांत होतं. ड्रायव्हरला वाटतं दुखणं गेलं. दुखणं गेलेलं नसतं, फक्त लय चुकलेली असते.

हा झोका आवरण्यासाठीच गाडीला धक्काशोषक बसवलेले असतात. त्यांनाच मेस्तरी 'शॉकअप' म्हणतात. गाडीच्या स्प्रिंगा किंवा पाटे धक्का सोसतात, पण उसळी थांबवत नाहीत. ते काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची शक्ती उष्णतेत खर्च होते. हे तेल गळून गेलं की शॉकअप नावाला उरतो. मग एका खड्ड्यात गेलेलं चाक एकदाच उडून थांबत नाही, चेंडूसारखं टप्पे घेत जातं. जिथे जिथे टप्पा पडतो तिथे रबर खरडलं जातं. वाटीसारख्या खळग्यांचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे. चाकाचं बेअरिंग सैल झालं, स्टेअरिंगचे सांधे ढिले झाले, तरी चाकाला असंच डुलायला मोकळीक मिळते.

पण या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे. थरथरीमुळे खळगा पडतो, हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं, की एकदा खळगा पडला की तोच खळगा नवी थरथर निर्माण करतो. चाक आता गोल राहिलेलं नसतं. प्रत्येक फेऱ्याला तो खळगा रस्त्यावर येतो, चाक तिथे दबतं आणि उसळतं, पुढचा टप्पा पुन्हा ठराविक अंतरावर पडतो. झीज थरथरीला पोसते आणि थरथर झिजेला. बैलगाडी एकदा चाकोरीत गेली की प्रत्येक फेरीला चाकोरी आणखी खोल होते, तसं हे आहे. म्हणून सुरुवातीची झीज लक्षात यायला महिने लागतात आणि नंतर मात्र टायर बघता बघता जातो.

याचा मोठा दाखला तुमच्या पायाखाली आहे. मुरमाच्या रस्त्यावर गाड्या चालू लागल्या की काही दिवसांत त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. त्या कोणी मुद्दाम पाडलेल्या नसतात. चाक एका उंचवट्यावर उडतं, पुढे आपटतं, तिथली माती दाबून पुढे लोटतं. मागून येणारं चाकही तिथेच उडतं आणि तिथेच आपटतं. फ्रान्स, इंग्लंड आणि कॅनडा इथल्या तीन शास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल फिरत्या वाटेवर एक चाक टेकवून याचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की चाक संथ चालत असेल तर वाळू सपाट राहते, आणि एका ठराविक वेगाची मर्यादा ओलांडली की लाटा आपोआप उठतात. रस्ता मऊ असेल तर चाक रस्त्यावर लाटा काढतं. रस्ता टणक असेल तर टणक रस्ता आणि उसळतं चाक मिळून त्या लाटा टायरवर काढतात. रेल्वेच्या पोलादी रुळांवरसुद्धा चाकांच्या कंपनाने अशा बारीक लाटा पडतात आणि त्यांवरून गाडी जाताना रूळ गर्जना करतात. रबर काय, मुरूम काय, पोलाद काय, नियम एकच.

ऊस वाहणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द वेगळे सांगतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला ज्या उंच रबरी पट्ट्या असतात त्या मऊ रानात पकड घेण्यासाठी आहेत. डांबरी रस्त्यावर त्या एकामागून एक आपटत जातात. आपण तो घरघराट ऐकतोच. प्रत्येक पट्टी टेकताना वाकते आणि सुटताना तिची कड खरडली जाते, म्हणून पट्टीची एक बाजू उतरती झिजते. त्यात बहुतेक ट्रॅक्टरांना मागच्या चाकांवर स्प्रिंगही नसते आणि शॉकअपही नसतो. सारी उसळी टायरच्या हवेनेच सोसायची. रानात पकड यावी म्हणून हवा कमी ठेवतात ते ठीक. पण त्याच कमी हवेवर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन पक्क्या रस्त्याने धावलं तर टायर डुलतो, तापतो आणि झिजतो. रस्त्यावर येण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हवा भरावी आणि वेग आवरावा, एवढ्याने पुष्कळ काम होतं.

सगळी वेडीवाकडी झीज थरथरीचीच असते असं मात्र नाही. मधोमध झीज असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. एकच कड गेली असेल, किंवा तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं लागत असेल, तर चाकं सरळ रेषेत नाहीत, अलाइनमेंट बिघडली आहे. हे दुखणं लहान समजू नका. चाक प्रवासाच्या दिशेशी एकच अंश तिरकं असलं तर एका किलोमीटरमागे ते सतरा मीटर आडवं फरफटतं. कोरेगाव ते सातारा जाऊन-येऊन सुमारे चाळीस किलोमीटर धरले तर त्या चाकाची जवळजवळ सातशे मीटर फरफट झाली. एकाच ठिकाणी सपाट चट्टा असेल तर बहुधा ब्रेक करकचून लागून चाक घसरलेलं आहे. आणि थोड्या थोड्या अंतरावर वाट्या असतील, तर थरथर.

तेव्हा दर पंधरवड्याला, गाडी उभी आणि टायर थंड असताना, पाच मिनिटं काढा. हवा डोळ्यांनी किंवा लाथ मारून न तपासता मापाने तपासा. टायरवर आधी नजर टाकून तारा किंवा काच वर आलेली नाही ना ते पाहा, मग तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. रिंगच्या आतली माती धुऊन काढा. मोटार किंवा जीप असेल तर एकेका कोपऱ्यावर जोर देऊन ती खाली दाबा आणि सोडा. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप बरा आहे, पुन्हा पुन्हा डुलली तर तो गेला. चालवताना स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांकडे आणि सीट थरथरत असेल तर मागच्या चाकांकडे आधी संशय न्यावा. वेगाबरोबर चढत जाणारा गुणगुणाट ऐकू आला तर टायरवर बहुधा खळगे पडलेले आहेत. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर चाकांची अदलाबदल करा, म्हणजे एकाच जागी राहून टायरला एकच खोड लागणार नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. खळगे पडलेला टायर काढून फक्त नवा टायर चढवायचा आणि निघायचं, ही आपली नेहमीची रीत. पण बिघडलेला शॉकअप, सैल बेअरिंग, गेलेला तोल तसाच राहिला तर नव्या टायरवर जुनंच दुखणं उतरतं. हप्ते फेडत गाडी चालवणाऱ्या माणसाला ही उधळपट्टी परवडत नाही. शिवाय टायर एकसारखा झिजला आणि त्याचा ढाचा शाबूत राहिला तर त्यावर पुन्हा रबर चढवता येतं, एस.टी. महामंडळ आपल्या टायरांसाठी हेच करत आलं आहे. पण एकाच जागी खोल खळगा जाऊन आतल्या तारा उघड्या पडल्या तर तोही मार्ग बंद होतो.

आणि शेवटी पैशाहून मोठी गोष्ट. जे चाक उडतं आहे ते त्या क्षणी रस्त्याला धरून नसतं. जे रस्त्याला धरून नाही ते ब्रेक घेत नाही आणि वळणही घेत नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. पण कोरेगावहून पुसेगावकडे जाताना वर्धनगडचा घाट लागतो. आषाढातल्या पावसात, भरल्या गाडीने, त्या घाटाच्या वळणावर ब्रेक लावायची वेळ आली, म्हणजे चार पंजांएवढ्या जागेवरच सगळ्यांचा जीव असतो. ती जागा रस्त्याला घट्ट टेकलेली असावी एवढ्यासाठी पंधरा दिवसांतून पाच मिनिटं फार नाहीत. शाळेतल्या मुलांना खडूचा आणि सायकलचा प्रयोग दाखवा. त्यांतलं एखादं मूल संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या टेंपोच्या टायरवरून हात फिरवून पाहील आणि तिथे वाटी लागली तर तसं सांगेल.